पडद्यावरचा प्रियकर खरे बोलतो, तेव्हा त्याचे पणाला काय लागते?

जुलै २०२५ मध्ये ‘सैयारा’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला आणि चित्रपटगृहात हुंदके देणाऱ्या तरुण मुलामुलींच्या चित्रफिती मोबाइलवरून घरोघरी पोहोचल्या. त्या पाहून वडीलधाऱ्यांपैकी कोणी कपाळाला हात लावला, तर कोणी म्हणाले की निदान ही पिढी मनातले लपवत तरी नाही. त्याआधी सहा वर्षे, २०१९ साली, ‘कबीर सिंग’वरून वेगळ्याच बाजूने वाद पेटला होता. नायक उद्धट आहे, नायिकेवर हात उचलतो, ही एका बाजूची तक्रार होती. तो जसा आहे तसा वागतो, ढोंग करत नाही, मग त्याला अप्रामाणिक कसे म्हणता, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे होते. अशा चर्चांमध्ये अलीकडे ‘भावनिक धाडस’ हा शब्दप्रयोग सर्रास ऐकू येतो. रडणाऱ्यालाही तो लावतात आणि आरडाओरडा करणाऱ्यालाही लावतात, त्यामुळे ऐकणाऱ्याचा गोंधळ उडणे साहजिक आहे.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या प्रेक्षकाचा गोंधळ तर तिप्पट असतो, कारण तो मराठी, कन्नड आणि हिंदी असे तिन्ही भाषांतले प्रेमी पाहत वाढलेला असतो. म्हणून पुढची उदाहरणेही याच तीन भाषांतली घेतली आहेत.

बोजा आधी सांगणारा विक्रेता

शेतजमिनीचा व्यवहार डोळ्यांसमोर आणा. विकणाऱ्याच्या जमिनीवर सोसायटीचे कर्ज आहे आणि त्याचा बोजा उताऱ्यावर चढलेला आहे. एक विक्रेता ते लपवतो आणि घेणाऱ्याने उतारा काढल्यावर गुपचूप मान खाली घालतो. दुसरा नोंदणी उरकल्यावर, पैसे खिशात पडल्यावर, फार मोकळ्या मनाने सगळे सांगून टाकतो. तिसरा बोलणी चालू असतानाच सांगतो की एवढा बोजा आहे, पाहा तुम्हाला परवडते का, आणि नाही म्हणालात तरी माझी हरकत नाही. खरे दुसराही बोलला आणि तिसराही बोलला, पण गिऱ्हाईक हातचे जाण्याची जोखीम फक्त तिसऱ्याने घेतली.

नात्यातले भावनिक धाडस हे या तिसऱ्या विक्रेत्याचे वागणे आहे. ज्या गोष्टीमुळे समोरची व्यक्ती आपल्याला सोडून जाऊ शकते, ती गोष्ट तिला आपणहून आणि वेळेत सांगणे, आणि त्यावर हवे ते उत्तर देण्याची मुभा तिला ठेवणे, एवढाच त्याचा अर्थ. सत्य, जोखीम आणि समोरच्याचे स्वातंत्र्य यांतले एक जरी गळाले, तरी उरते ते दुसरेच काही असते. रडण्याला किंवा आवाज चढवण्याला या व्याख्येत जागा नाही. माणूस रडून खरे सांगेल किंवा शांतपणे सांगेल, तो त्याच्या स्वभावाचा भाग झाला.

मनातले पडद्यावर येते कसे?

कादंबरीकार ‘तिला भीती वाटली’ असे लिहून मोकळा होतो. चित्रपटाला ती सोय नाही. त्याला भीती चेहऱ्यावर, हातांच्या हालचालीत किंवा दोन वाक्यांमधल्या शांततेत दाखवावी लागते. सुमारे शंभर वर्षांपूर्वी लेव्ह कुलेशोव या रशियन दिग्दर्शकाने एक गमतीदार प्रयोग केला होता. एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याचे एकच दृश्य त्याने कधी सूपच्या ताटलीला, कधी शवपेटीला, तर कधी एका स्त्रीला जोडून दाखवले. नटाचा चेहरा प्रत्येक वेळी तोच होता, पण प्रेक्षकांना त्यात भूक, दुःख आणि अभिलाषा असे निरनिराळे भाव दिसले. म्हणजे पडद्यावरच्या भावनेतला बराच वाटा आपण खुर्चीत बसून घालत असतो.

याचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. एखादा नायक प्रामाणिक आहे असे आपल्याला वाटते, तेव्हा ते पटकथेमुळे वाटते की पार्श्वसंगीत, पाऊस आणि जवळून टिपलेले ओले डोळे यांमुळे वाटते, हे एकदा तपासून पाहावे. आपल्याकडच्या चित्रपटांत तर गाणेच कबुलीचे काम करते. नायक डोंगरावर नाचत प्रेम जाहीर करतो, नायिका स्वप्नात होकार देते, आणि गाणे संपते तेव्हा दोघांत सगळे ठरलेले असते. प्रत्यक्षात एकाने दुसऱ्याला विचारलेलेच नसते. गाणी मलाही आवडतात, पण दहा वेळा गाऊनही न विचारलेला प्रश्न न विचारलेलाच राहतो.

याच्या नेमके उलट काम रितेश बत्रा यांच्या ‘द लंचबॉक्स’मध्ये (२०१३) झाले आहे. चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या डब्यातून इला आणि साजन यांची पत्रापत्री सुरू होते, भेटायचे ठरते, आणि ती हॉटेलात वाट पाहत बसते. तो येतो, तिला लांबून पाहतो आणि न भेटताच परत जातो. इथपर्यंत हे भित्रेपणाचे वागणे आहे. नंतर मात्र तो तिला लिहून कळवतो की मी आलो होतो, तुला पाहिले, आणि आपण म्हातारे झालो आहोत हे मला तेव्हा जाणवले. आजारपणाची किंवा चुकलेल्या लोकलची सबब सांगणे त्याला सहज जमले असते. त्या पत्रात ना गाणे आहे ना पाऊस, तरी त्याने स्वतःची पुरती शोभा करून घेतली आहे.

नकार देणेही यातच येते

प्रेमातले धाडस म्हटले की आपल्याला होकार मागणारा माणूस आठवतो. मराठी चित्रपटाने मात्र फार लवकर, १९३७ सालीच, नकार देणारी नायिका उभी केली. व्ही. शांताराम यांच्या ‘कुंकू’मधल्या नीराचे लग्न फसवून एका उतारवयाच्या विधुराशी लावले जाते, आणि शांता आपटे यांनी रंगवलेली ही मुलगी हे लग्न मला मान्य नाही असे त्या घरात राहून, तोंडावर सांगते. त्या काळी माहेरी परतण्याची वाट जवळपास बंद असताना तिने काय पणाला लावले होते, हे वेगळे सांगायला नको. केशवराव दाते यांनी साकारलेल्या त्या नवऱ्यालाही पुढे आपला अन्याय उमगतो. तो आपली चूक मान्य करतो, पण चित्रपटाला त्याच्यापुढे आत्मनाशाखेरीज मार्ग सापडत नाही. माझ्या मते ही त्या काळाच्या कल्पनाशक्तीची मर्यादा होती. चूक कबूल केलेला पुरुष जिवंत राहून, पत्नीला मोकळे करून, साधे आयुष्य जगताना दाखवणे तेव्हाच्या पटकथेला जमले नाही.

पुढे दोनच वर्षांनी, १९३९ साली, शांतारामांच्याच ‘माणूस’मध्ये नेमकी उलटी अडचण येते. हुबळी भागातून आलेल्या शांता हुबळीकर यांनी त्यात मैना ही वेश्यावस्तीतली स्त्री साकारली आहे. पोलीस शिपाई गणपत तिला आपल्या आईकडे घेऊन जायला तयार आहे; कच खाते ती मैना. प्रेम खरे असूनही, त्या देवभोळ्या माउलीसमोर उभे राहण्याची आपली लायकी नाही असे तिला वाटते. तिला भ्याड म्हणण्यापूर्वी, तिच्या मनात ही लाज कोणी रुजवली, असा प्रश्न चित्रपट विचारायला लावतो.

महेश भट्ट यांच्या ‘अर्थ’मध्ये (१९८२) शबाना आझमी यांनी साकारलेली पूजा दोन नकार देते. दुसऱ्या स्त्रीसाठी घर सोडून गेलेला नवरा परत येतो, तेव्हा ती त्याला विचारते की हेच मी केले असते तर तू मला परत घेतले असतेस का. तो ‘नाही’ म्हणतो. त्याचे ते एक अक्षरही प्रामाणिक आहे हे मान्य करावे लागेल, आणि तिचा निर्णय त्यावरच ठरतो. दुसरा नकार जास्त कठीण आहे, कारण तो तिच्यावर मनापासून प्रेम करणाऱ्या, कसलाही दोष नसलेल्या माणसाला द्यायचा आहे. नको असलेल्या माणसाला नाही म्हणणे सोपे. चांगल्या माणसाला, केवळ आपले मन तयार नाही म्हणून, स्पष्ट नाही म्हणणे अवघड.

खरे सांगितले, पण कोणाच्या जिवावर?

इथे विषय खरा गुंतागुंतीचा होतो. जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’मध्ये (१९८२) स्मिता पाटील यांची सुलभा महिलाश्रमातली नोकरी सोडून घरी परतते. सिरसी-धारवाडात वाढलेल्या गिरीश कर्नाड यांनी त्यात तिच्या वकील नवऱ्याची, सुभाषची, भूमिका केली आहे. आपल्या आयुष्यात दुसरी स्त्री आली आहे हे तो तिला स्वतः सांगतो. आरडाओरडा नाही, खोटेपणा नाही, स्वर सुसंस्कृत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते की माणूस निदान खरे तरी बोलला.

आपली कसोटी त्याला लावली की चित्र पालटते. त्याने सांगितले केव्हा? सगळे घडून गेल्यावर. सांगून गेले कोणाचे? त्याचे घर जागेवर आहे, वकिली चालू आहे, मुलगी तिथेच आहे. उंबरठा ओलांडायची वेळ येते ती सुलभावर. नोंदणीनंतर बोजा सांगणाऱ्या विक्रेत्याचेच हे सत्य आहे. मनावरचा भार उतरवण्यासाठी केलेली कबुली आणि नात्यासाठी केलेली कबुली ऐकायला सारखी वाटते, पण पहिलीत भार फक्त एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर जातो. कर्नाडांच्या संयत अभिनयामुळे सुभाष खलनायक वाटत नाही, हे त्या चित्रपटाचे मोठे बळ आहे. असे सभ्य सुभाष आपल्या नात्यागोत्यात दोन-चार तरी सापडतात.

महेश मांजरेकर यांच्या ‘अस्तित्व’मध्ये (२०००) हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने येतो. नवरा कामानिमित्त सतत बाहेरगावी, आणि एकट्या पडलेल्या अदितीचे संगीतशिक्षकाशी नाते जुळते. ती गर्भवती होते, नवरा परत येतो, आणि ती त्याला सांगायचा प्रयत्न करते; पण मूल होणार या बातमीने तो एवढा हरखून जातो की तिचे वाक्य पुरे होऊच देत नाही. ते राहिलेले वाक्य पंचवीस वर्षांनी, एका इस्टेटीच्या कागदाच्या निमित्ताने, घरातल्या सगळ्यांसमोर उघडे पडते. तब्बू यांनी अदितीला बिचारी होऊ दिलेले नाही. मला या चित्रपटातला सर्वांत महत्त्वाचा क्षण त्या अर्धवट वाक्याचाच वाटतो, कारण बोलणाऱ्याचे धाडस ऐकणाऱ्याशिवाय पुरे होत नाही, ही गोष्ट तिथे प्रत्यक्ष घडताना दिसते. अदितीने नंतर पुन्हा प्रयत्न करायला हवा होता, असे म्हणता येईल. पण नवऱ्याने एकदा तरी थांबून ‘तू काहीतरी सांगत होतीस’ असे विचारायला हवे होते, हेही तितकेच खरे.

पाठलाग करणारा धाडसी नाही का?

हा आक्षेप हमखास येतो. तो तिच्या मागे वर्षभर फिरला, मार खाल्ला, हाताची शीर कापून घेतली, याला हिंमत लागत नाही का? लागते, यात शंका नाही. पण ती हिंमत कसल्या कामी आली, हे पाहावे लागते. तिने नाही म्हटल्यावरही तो तिच्यामागे फिरत राहतो, तेव्हा तिच्या उत्तराला तो किंमत देत नाही. जीव देण्याची धमकी देणारा माणूस तर ‘नाही’ या उत्तराची शिक्षाच आधी जाहीर करतो. कायद्यानेही हे ओळखले आहे: स्त्रीने स्पष्ट अनिच्छा दाखवूनही तिचा पाठलाग करणे किंवा वारंवार संपर्क साधणे हा २०१३ पासून फौजदारी गुन्हा आहे, आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ७८ मध्ये आला आहे. चित्रपटात मध्यंतरानंतर नायिका विरघळते, कारण पटकथाकाराने ते आधीच ठरवलेले असते. कॉलेजच्या रस्त्यावर तशी पटकथा कोणी लिहून ठेवलेली नसते.

आमच्याकडे लग्ने ठरवून होतात, मग हे कोणासाठी?

दुसरा आक्षेप आपल्या भागातला आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सोयरीक चंदगड-गडहिंग्लजकडे जमते, मध्यस्थ बोलणी करतो, मोठी माणसे ठरवतात. तिथे दोघांच्या भावनिक धाडसाला जागा कुठे?

बेळगावच्या वडगावातल्या एका परिचितांकडे झालेला मुलगी पाहण्याचा कार्यक्रम मला आठवतो. मागच्या गल्लीत पॉवरलूमचा खडखडाट चालू होता, त्यामुळे सगळेच थोडे मोठ्याने बोलत होते. मुलगा उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कामाला होता आणि तो ‘पर्मनंट’ असल्याचे मध्यस्थाने छातीठोकपणे सांगितले होते. पोह्यांच्या बश्या आत गेल्यावर दोघांना बोलायला माडीवर पाठवले. मी जिन्यालगतच्या खुर्चीवर बसलेलो, त्यामुळे ऐकू नये ते ऐकू आले. “एक सांगायचं राहिलंय,” मुलगा म्हणाला, “मी पर्मनंट नाही. कंत्राटावर आहे, दर अकरा महिन्यांनी नवं करतात.” मुलगी थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग तिने विचारले, “हे आमच्या बाबांना तुम्ही सांगणार, का मी सांगू?” तो “मीच सांगतो” म्हणाला आणि खाली येऊन त्याने सर्वांदेखत सांगितले. मध्यस्थाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मुलीच्या वडिलांनी पानाचे तबक पुढे करत, “बरं, बघू,” एवढेच म्हटले. सत्य होते, जोखीम होती, आणि उत्तर द्यायला पलीकडची माणसे मोकळी होती. ठरवून होणाऱ्या लग्नात ही जागा आकाराने लहान असते, पण असते.

सांगण्याने जीवच धोक्यात येत असेल तर?

सर्वांत वजनदार आक्षेप हा आहे, आणि त्याचे उत्तर शोधायला यल्लम्मा देवीच्या सौंदत्तीच्या डोंगरापर्यंत जावे लागते. राजीव पाटील यांचा ‘जोगवा’ (२००९) राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांवर आधारलेला आहे. यल्लम्माला सोडलेली सुली आणि लुगडे नेसायला भाग पाडलेला तायप्पा यांच्यात प्रेम जुळते, पण परंपरेने दोघांच्याही देहावर हक्क सांगितलेला आहे. तायप्पाला तर आपण पुरुष आहोत, हेसुद्धा मोठ्याने म्हणायची चोरी. ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ हे वाक्य उच्चारण्याआधी त्याला ‘मी कोण आहे’ हे सांगावे लागते, आणि उपेंद्र लिमये यांनी ती घुसमट चालण्या-बसण्यातून दाखवली आहे. कर्नाटकात मुलींना देवदासी म्हणून सोडण्याला १९८२ च्या कायद्याने बंदी आली. परंतु कागदावरच्या बंदीने मनावरचा धाक लगेच उतरत नाही, हे या भागात राहणाऱ्यांना ठाऊक आहे.

नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ने (२०१६) जातीबाहेरच्या प्रेमाची किंमत किती निर्घृण असू शकते ते दाखवले. पुढच्याच वर्षी तीच कथा ‘मनसु मल्लिगे’ या नावाने कन्नडमध्ये आली आणि नायिका रिंकू राजगुरू हीच होती. ‘सैराट’च्या शेवटाची चर्चा पुष्कळ झाली, मधल्या भागाची कमी. हैदराबादला पळून गेल्यावर परश्या आर्चीवर संशय घेतो, तिच्यावर हात उचलतो, आणि ती निघून जाते. घरच्यांशी लढण्याचे धाडस दोघांकडे होते. ‘मला इथे भीती वाटते, मला कमीपणा वाटतो’ हे एकमेकांना सांगण्याचे धाडस त्यांना त्या खोलीत राहून शिकावे लागले. जगाशी भांडण्यापेक्षा हे वेगळे काम आहे, आणि पळून जाण्याच्या गाण्यात ते कधीच दिसत नाही.

म्हणून जिथे मारहाणीची किंवा त्याहून वाईटाची भीती आहे, तिथे गप्प राहणाऱ्याला भित्रा म्हणण्याचा हक्क कोणालाच नाही. आधी सुरक्षितता, मग कबुली, हा क्रम योग्यच आहे. कायदा काय सांगतो, तेही माहीत असावे. सौंदत्ती तालुक्यातल्या मुरगोड पोलीस ठाण्यात नोंदलेल्या तक्रारीतून निघालेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये स्पष्ट केले की दोन सज्ञान व्यक्तींनी लग्न करायचे ठरवल्यावर कुटुंबाची किंवा समाजाची संमती आवश्यक नाही. अशी प्रकरणे हाताळण्यासाठी पोलिसांना मार्गदर्शक सूचना आणि प्रशिक्षण द्यावे, असेही न्यायालयाने सांगितले.

आणि त्याग?

शेवटी उरतो तो आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचा नायक: मनातले मनातच ठेवून बाजूला होणारा. योगराज भट यांचा कन्नड चित्रपट ‘मुंगारु मळे’ (२००६) सीमाभागातल्या अनेक मराठी घरांतही आवडीने पाहिला गेला. गणेश यांनी रंगवलेला प्रीतम नंदिनीवर जीव टाकतो, तिचे मनही त्याच्याकडे वळते, आणि नेमक्या त्या वेळी तिचे ठरलेले लग्न आणि तिच्या वडिलांची प्रकृती यांचा विचार करून तो माघार घेतो. कोडगूच्या पावसात भिजणारा तो नायक पाहून डोळे भरून येतात, यात गैर काहीच नाही. त्याने स्वतःचे सुख सोडले, तेव्हा जोखमीच्या बाजूने तो कसोटीला उतरतो.

समोरच्याच्या स्वातंत्र्याची बाजू मात्र लंगडी पडते. लग्न नंदिनीचे होते, वडीलही तिचे होते, आणि प्रेमात तिचाही वाटा होता. प्रीतमने जे ठरवले ते तिच्या भल्यासाठी ठरवले असेल, पण तिच्या वतीने ठरवले. त्याने सगळे तिच्यापुढे मांडून निर्णय तिच्यावर सोडला असता, तर कदाचित तिनेही तेच ठरवले असते आणि चित्रपटाचा शेवट जागचा हललाही नसता. फरक एवढाच पडला असता की निर्णय घेताना पडद्यावर दोन माणसे दिसली असती.